आईला शूटिंग बघायचंय

प्रश्न : माझी आई 67 वर्षांची आहे. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून रात्रीचा एक विनोदी कार्यक्रम हाच तिचा विरंगुळा. परवा म्हणाली, "एकदा तिथं समोर बसून बघायचंय गं." वर्षभरात तिनं काही मागितलं ते हे पहिलंच. व्हॉट्सअ‍ॅपवर एकानं माणशी 700 रुपयांत 'व्हीआयपी पास' देतो म्हणून सांगितलंय. भाऊ म्हणतो, तिथं भाड्याची माणसं बसवतात, हसणंसुद्धा खोटं असतं, उगाच आईचे हाल करू नकोस. तिला मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. न्यावं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : न्या. नक्की न्या. ते 700 रुपये मात्र कुणाला देऊ नका. मी 22 वर्षं फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगच्या दालनात, काढली, त्यात प्रेक्षकाकडून खुर्चीचे पैसे घेणारा एकही कार्यक्रम पाहिला नाही. प्रेक्षक ही निर्मात्याची गरज असते आणि खुर्च्या भरण्यासाठी कोऑर्डिनेटर नेमलेला असतो. वाहिनीच्या अधिकृत पानावर शूटिंगला येण्याचं आवाहन येतं का ते बघत राहा. आलं की तिथं कळवा. उत्तर आलं की तारीख, फ्लोअरचा नंबर आणि गेटवरच्या यादीत तुमचं नाव, या तीन गोष्टी लेखी मागून घ्या.

तुमच्या भावाचं निम्मं खरं आहे. आडवारी सकाळी दीडशे माणसं गोळा करून त्यांना पॅक-अपपर्यंत बसवून ठेवणं सोपं नसतं, म्हणून काही रांगांत रोजावर आलेली माणसं असतात. पण समोरचा नट पुढचं वाक्य कधी टाकायचं हे ठरवतो ते खऱ्या हशावरूनच. हसू कुठं उठलं, कुठं विरलं, कुठं उठलंच नाही, हे त्याला रंगमंचावर ऐकू येतं. 2000 साली 'कौन बनेगा करोडपती' आलं, समोर बसलेल्यांच्या हातात मत द्यायचं यंत्र आलं, आणि प्रेक्षकाच्या मतावर डाव फिरतो हे घराघरांत दिसलं. विनोदी कार्यक्रमात यंत्र नसतं, काम तेच असतं.

एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या हिरमुसतील. शूटिंग सुरू व्हायच्या आधी एक जण समोर येतो आणि विनोद नसतानाच टाळ्या वाजवायला लावतो, मोठ्यानं हसायला लावतो, 'बापरे!' असा चेहरा करायला लावतो. कॅमेरे तेव्हा तुमच्याकडे वळलेले असतात. हे तुकडे संकलनात हवे तिथं जोडले जातात. पुढं एखादं स्किट चुकलं की तेच पुन्हा होतं. दुसऱ्यांदा हसू कमी येतं, त्याचं मनाला लावून घेऊ नये. एका दिवसात दोन भागही होतात. मधे जागा बदलून बसवतात, म्हणजे तेच चेहरे त्याच ठिकाणी दिसत नाहीत. सकाळी दहाला बोलावलं तर रात्र होईल असं धरूनच निघा.

आता तब्येतीचं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका शूटिंगला दुसऱ्या रांगेत जांभळ्या काठाची साडी नेसलेल्या एक आजी होत्या. रांगेत मोकळी खुर्ची दिसायला नको म्हणून 'उठायचं नाही' असं आमच्याच माणसानं त्यांना बजावलं होतं. चार तास त्या उठल्या नाहीत, की डबा उघडला नाही. ब्रेकमध्ये पाणी द्यायला गेले तर हात गार, कपाळावर घामाचे थेंब. साखर उतरली होती. पर्समध्ये लेमनच्या गोळ्या होत्या, पण कागदाचा आवाज होईल म्हणून त्यांनी एकही खाल्ली नव्हती. आणि आवाज खरंच होतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात, बांगड्यांची किणकिणही त्यात येते. तरीही त्या कागदाचा आवाज पुसता आला असता. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. त्यानंतर मी साठीपुढच्या प्रत्येकाला कडेची खुर्ची दिली आणि 'लागेल तेव्हा उठा' असं सांगितलं.

तेव्हा आत शिरतानाच कोऑर्डिनेटरला सांगा : आईला मधुमेह आहे, कडेची खुर्ची हवी, पायऱ्या कमी हव्यात. प्रेक्षकांची बैठक उतरत्या पायऱ्यांची असते आणि अंधारात त्या दिसत नाहीत. गोळ्यांचे कागद घरीच काढून डबीत भरा. जेवणाच्या वेळेचा भरवसा धरू नका, दशम्या सोबत ठेवा. फ्लोअरवर एसी कडक असतो. शाल लागेलच, गुडघ्यांवर घ्यायलाही.

साडी गडद, एकरंगी असू द्या. पांढरी दिव्यांत चमकते आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते. मोबाइल बहुतेक बाहेरच ठेवून घेतात, म्हणून कोऑर्डिनेटरचा नंबर कागदावर लिहून घ्या.

प्रवासाला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री कराडहून बसा, सकाळी दादरला उतरा. फ्लोअर गोरेगावच्या चित्रनगरीत (फिल्म सिटीत) असेल तर लोकलनं गोरेगाव, तिथून पूर्वेला रिक्षा. पण सगळी शूटिंग तिथंच होत नाहीत, मीरा रोडकडे आणि ठाण्यातही स्टुडिओ आहेत. पत्ता नीट विचारूनच तिकीट काढा. चित्रनगरी सुमारे 520 एकरांची आहे, रस्ते चढउताराचे आहेत. गाडी थेट फ्लोअरपर्यंत जाऊ देतील का, हे आदल्या दिवशी फोनवर पक्कं करा.

आत एका संमतीपत्रावर सही घेतात. चेहरा दाखवण्याची परवानगी असते ती. वाचून, मगच सही करू द्या. भाग लागायला काही आठवडे जातात. आई पडद्यावर दिसतीलच असं नाही, आणि दिसल्या तर दोन सेकंद. त्या दिवशी नेसलेली साडी तेवढी लक्षात ठेवा. गर्दीत शोधायला चेहऱ्याआधी तिचा रंगच सापडतो.