मुलगा जेज्विट व्हायचं म्हणतोय: बारा-तेरा वर्षं कशाला, आणि मधेच परतला तर?

पत्र: आम्ही वसईचे. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. येशूसंघात, म्हणजे जेज्विट फादरांच्या संघात, जाऊन पुढे शिकवायचं म्हणतो. त्याचे पप्पा म्हणतात, शिकवायचंच आहे तर बी.एड. कर, त्यासाठी फादर कशाला व्हायचं? वर बारा-तेरा वर्षं शिक्षण. कॉलेजसाठी कर्जही काढलंय. मधेच परत आला तर काय?

ताई,

त्याच्या पप्पांचा प्रश्न रास्त आहे. फक्त शिकवायचं असेल तर बी.एड. पुरेसं आहे, आणि लवकर होतं. संघात गेला तरी शाळेत कायम शिक्षक व्हायला बी.एड. चुकत नाही. अंगावर झगा आहे म्हणून शिक्षण खातं सूट देत नाही.

मग इतकी वर्षं का? त्याचं मूळ संस्थापकाच्याच आयुष्यात आहे. इग्नेशियस लोयोला हे शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि आयुष्याची दिशा बदलली. लोकांना उपदेश करायचा तर लॅटिन हवं, म्हणून तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात लहान पोरांच्या जोडीला बसून व्याकरण गिरवलं. पुढे आल्काला आणि सालामांका इथे घाईघाईत सगळे विषय एकदम घेतले. धड एकही पक्का झाला नाही. त्यात पुरेसं शिक्षण नसताना धर्मोपदेश करतो म्हणून चौकशा लागल्या, तुरुंगही पाहावा लागला. 1528 मध्ये पॅरिसला गेले ते पुन्हा व्याकरणापासून सुरुवात करायला. तिथे वर्गवार, एकेक पायरी पक्की करत शिकवायची पद्धत होती. सात वर्षं तिथे काढली. संघाच्या शिक्षणाचा साचा तिथला आहे.

गंमत अशी, की 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली तेव्हा शाळा चालवणं हे संघाचं मुख्य काम नव्हतंच. 1548 मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहराने खर्च उचलला, तिथे कॉलेज निघालं, आणि मग शहरामागून शहर मागणी करू लागलं. 1556 मध्ये लोयोला वारले तोवर तीसच्या वर कॉलेजं झाली होती. इथेच ओढाताण झाली. शिक्षक कमी पडले, अर्धवट तयारीची तरुण मंडळी वर्गावर उभी राहिली. 1586 आणि 1591 असे दोन मसुदे होऊन 1599 मध्ये शिक्षणपद्धतीची नियमावली कायम झाली: कुठल्या वर्गाला काय, किती, कोणी शिकवायचं, सगळं लिहून.

आज टप्पे साधारण असे असतात. आधी ओळखीचा काळ. मग दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे संघातली उमेदवारी, त्यात तीस दिवसांची मौनसाधना. नोव्हिशिएट संपल्यावर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं. बहुतेक संघांत पहिली व्रतं मुदतीची असतात, जेज्विटांची मात्र पहिलीच कायमची असतात, हे मुलाला माहीत आहे का विचारा. त्यापुढे भाषा, दोन-तीन वर्षं तत्त्वज्ञान, मग साधारण दोन वर्षं एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष काम. वर्गात रमतो की नाही ते इथे कळतं. नंतर तीन-चार वर्षं ईशज्ञान (धर्मशास्त्राचा अभ्यास) आणि मग गुरुदीक्षा, म्हणजे फादर होणं. पुण्यात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं बुद्धीपेक्षा भाषेला अडतात, तेव्हा इंग्रजी वाचन आतापासूनच वाढवू द्या.

कुठे शिकवायचं हे मात्र त्याच्या हातात नसतं. मनात मुंबईचं कॉलेज असेल आणि पाठवणी तलासरीच्या आदिवासी वसतिगृहात होईल. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे हेच. शाळाही कायमच्या नसतात. तुमच्या वसईच्या किल्ल्यातल्या जेज्विट कॉलेजचे अवशेष पाहा: 1739 मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला आणि तो अध्याय संपला. 1759 मध्ये पोर्तुगालने सगळ्या मुलखातून संघाला हाकललं, त्यात गोवाही गेलं. 1773 मध्ये खुद्द पोपनेच संघ बरखास्त केला, तो 1814 मध्ये पुन्हा उभा राहिला. मुंबईचं सेंट झेवियर्स 1869 मध्ये काढलं जर्मन फादरांनी. पहिल्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे ठरले, आणि पुढे त्यांच्या जागी स्पेनहून मंडळी आली.

आता पैसे. व्रतानंतर त्याची कमाई संघाची. अनुदानित शाळेत नेमणूक झाली तर पगार त्याच्या नावावर येतो, त्यातून आयकरही कापला जातो (सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते कायम केलं), पण घरी पैसे येत नाहीत. तुमचं म्हातारपण त्याच्या पगारावर बेतलेलं असेल तर हे आजच मोकळेपणाने बोला. नंतर बोलल्याने फक्त कटुता येते.

कर्जाचं तर आधी मिटवा. फेडता न येण्याजोगं कर्ज डोक्यावर असलेल्याला प्रवेश देऊ नये, असा कॅनन कायदाच, म्हणजे चर्चचा कायदाच, आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तेव्हा तो नोव्हिशिएटमध्ये, कमाई शून्य, आणि सहकर्जदार म्हणून सही तुमची असेल तर बँक तुमच्या दारात. त्यामुळे पदवीनंतर दोन-तीन वर्षं नोकरी करून फेडून जाणं हा सरळ मार्ग. तेवढ्यात ओढ विरली, तर तेही आधीच कळलेलं बरं.

मधेच परतला तर? बाहेर पडणाऱ्याला संघात केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघाने त्याच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं, एवढंच चर्चचा कायदा सांगतो. म्हणून बी.एस्सी. अर्धवट टाकून जाऊ देऊ नका. रोममान्य तत्त्वज्ञानाची पदवी वेगळी आणि यूजीसीमान्य पदवी वेगळी. सरकारी नोकरीच्या अर्जात दुसरीच चालते.

आणखी एक: शाळा चालवणारे सगळे फादर जेज्विट नसतात. डॉन बॉस्को शाळा सेलेशियन या दुसऱ्या संघाच्या, आणि धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या कार्यक्षेत्राचे) फादर तर कुठल्याच संघाचे नसतात. ते बिशपांच्या हाताखाली, बहुधा आपल्याच धर्मप्रांतात राहतात आणि त्यांना दारिद्र्याचं व्रत नसतं. मुलाला वसईतच राहून काम करायचं असेल तर त्याची वाट ती आहे. धर्मग्रामातल्या (तुमच्या चर्चच्या) फादरांकडून बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले घेऊन ठेवा, ते दोन्हीकडे लागतात. सुट्टीत दोन्हीकडची शिबिरं त्याला करू द्या आणि तिथल्या जबाबदार फादरांना तुम्ही स्वतः भेटा. गेल्या काही वर्षांत किती मुलं आली, किती टिकली आणि परतलेल्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला संकोचू नका.