मोठी माणसं जवळ असतानाही मुलं पाण्यात बुडतात, ती कशी?

तुम्ही विचारलंय की पोहता येणारे चार जण काठावर असताना मूल बुडतंच कसं, आणि सुट्टीत मुलांना तळ्यावर नेताना काय सांभाळायचं. पहिल्याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी सहा वर्षांची भाची माझ्यापासून दोन हातांवर बुडत होती आणि मी ताईशी गप्पा मारत होतो.

पोहण्याच्या तलावात मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. ती खेळता खेळता जरा खोल बाजूला सरकली. ओरडली नाही, हातपाय आपटले नाहीत. मान मागे गेलेली, तोंड पाण्याच्या पातळीवर, उघडायचं आणि मिटायचं. ओले केस डोळ्यांवर चिकटले होते, पण ते बाजूला करायला तिचा हात वर येत नव्हता. मला वाटलं, खेळतेय. ताई बोलता बोलता थांबली आणि "अरे, ती बघ!" म्हणाली, तेव्हा मी तिला उचललं.

नंतर कळलं की बुडणं असंच असतं. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी याचं बारकाईने वर्णन करून ठेवलंय. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं तेवढ्यात श्वास सोडून नवा घेणंच जेमतेम जमतं. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हलवून बोलावता येत नाही. ही धडपड साधारण 20 ते 60 सेकंद चालते, मग माणूस खाली जातो. म्हणून दंगा करणारं मूल अचानक गप्प झालं की आधी त्याच्याकडे बघा.

तळ्यावर गेल्यावर पाळ्या लावा. एका वेळी एकच मोठा माणूस, 15-20 मिनिटं, फोन पिशवीत, दारू अजिबात नाही, काम फक्त मुलांकडे बघण्याचं. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तू बघ." सगळेच बघतायत असं सगळ्यांना वाटतं, तिथेच घात होतो. पोहता न येणारं मूल तर हात लांबवला की हाताला लागलं पाहिजे. हवेच्या ट्यूब आणि दंडावरचे फुगे हे खेळणंच समजा. लाइफ जॅकेट घालत असाल तर खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा, हनुवटीवर आलं तर ते सैल आहे.

तळ्याचा तळ दिसत नाही आणि काठापासून दोन पावलांवर एकदम खड्डा असू शकतो. त्यामुळे सूर मारणं नको, पाय टेकवत आत जायचं.

कुणी बुडताना दिसलं तर लगेच उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच अंगावर चढतो आणि दोघं जातात. काठावर पालथं पडून काठी, ओढणी, दोर, जे असेल ते पुढे करा, किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. सोबत दोर न्याच.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबायचं, उलटं धरायचं, गरागरा फिरवायचं, हे कृपा करून कुणालाही करू देऊ नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालत नसेल तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असं चालू ठेवावं. बुडालेल्याला सगळ्यात आधी प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून सुरुवात श्वासाने. हे एखाद्या प्रशिक्षणात हाताने शिकून घ्या, वाचून नीट जमत नाही. मूल सावरलं तरी खोकला किंवा धाप राहिली तर दवाखान्यात न्या.

आणि पहिली पाळी कुणाची, हे घरातून निघतानाच ठरवा. तिथे पोचल्यावर मुलं थांबत नाहीत.