चहा नको, लाडू चालेल

'इंग्लंडमध्ये प्रेस्टनला मुलाकडे आले आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर, नात शाळेत. एका पावसाळी दुपारी दारात दोन पोरं उभी. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. एकाला तर धड मिसरूडही फुटलेलं नाही. कुडकुडत होती म्हणून आत या म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच थांबली. चहा केला, तोही नको म्हणाली. माझ्या हातचं चालत नसेल, असं वाटून फार लागलं मनाला. मग मुगाचे लाडू दिले, ते मात्र पायरीवर उभ्याउभ्या दोन-दोन खाल्ले! आता दर आठवड्याला येतात. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण गप्पा होतात. मागच्या वेळी त्यांचा धर्मग्रंथ देऊन गेली. तो सुनेच्या हाती लागला आणि ती भडकली. म्हणाली, "आई, ही मॉर्मन पोरं आहेत, तुम्हाला बाटवायला येतात. दार उघडायचं नाही." माझं काही चुकलं का? आणि एवढ्याशा पोरांना परमुलखात धाडणाऱ्या आयांना काळीज नसतं का?'

– एक आजी, मूळ गाव सातारा जिल्ह्यात

ताई, आधी चहाचं बघू, कारण तुमच्या मनाला तेच जास्त लागलेलं दिसतंय. मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. ही माणसं चहा, कॉफी, दारू, तंबाखू यातलं काहीच घेत नाहीत. घरीही नाही आणि प्रचाराला बाहेर पडल्यावर तर नाहीच. इंग्लंडच्या राणीने दिला असता तरी त्या पोरांनी तो कप परत केला असता. पुढच्या वेळी गरम पाण्यात आलं-लिंबू पिळून द्या, नाहीतर सरळ गरम दूध.

उंबऱ्याचंही तसंच. बाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांना नियम आहे. तुमचं वय त्यांच्या आजीएवढं असलं तरी नियम तो नियम. त्यांना सूट कशालाच नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग पोथीवाचन आणि दहाच्या सुमारास रस्त्यावर. रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आणि मला सगळ्यात अवघड वाटतं ते हे, की एकटेपणा अजिबात नाही. जोडीदार वरून नेमून दिलेला असतो आणि न्हाणीघर सोडलं तर त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने अनोळखी पोराबरोबर चोवीस तास काढायचे! आपल्याकडची भावंडं एका खोलीत आठवडाभर धड राहत नाहीत.

या प्रचाराला, म्हणजे 'मिशन'वर, मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पूर्वी घरी पत्र यायचं, आता ते ऑनलाइन येतं. ते सगळ्यांसमोर उघडतात, आणि त्यात पेरू निघेल की जपान, हे आईलाही ठाऊक नसतं. पगार नाहीच, उलट खर्च घरचा. अमेरिकेतल्या कुटुंबांना 2020पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. म्हणजे अक्षरशः घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तशी तिथली चर्चमधली कुटुंबं आळीपाळीने या पोरांना रात्री जेवायला बोलावतात. दुपारी मात्र पाव नाहीतर नूडल्स. तुमचे लाडू उभ्याउभ्या का संपले, कळलं ना?

आयांना काळीज असतं, ताई. फेब्रुवारी 2019पर्यंत या मुलांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करता येतो. मुलगा मिशनवर गेला की आईची समाजात मान ताठ होते, हेही खरं. आणि जो मुलगा अर्ध्यातून परततो त्याच्याकडे बघून कुजबुज होते, तेही खरं. अठराव्या वर्षी 'मला नाही जायचं' म्हणायला छाती लागते. तुमच्या दारातली दोघं मनापासून आली आहेत की घराण्याची रीत म्हणून, हे त्यांचं त्यांनाही अजून कळलं नसेल.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता सुनेच्या बाजूने. ती खोटं काहीच बोललेली नाही. ही मुलं लबाड नाहीत, पण येतात ती धर्म सांगायलाच. आधी वाचायला देतील, मग प्रार्थना करून बघा म्हणतील, रविवारी चर्चला बोलावतील आणि पुढे बाप्तिस्मा घ्याल का, असंही विचारतील. त्यांना शिकवलेलंच असतं तसं. आणि तुमचं हे प्रेस्टन म्हणजे त्यांच्या दृष्टीने थोरलं गाव. अमेरिकेहून त्यांचे पहिले प्रचारक 1837 साली इंग्लंडात आले, त्यांनी प्रचार सुरू केला तो इथेच, आणि त्याच जुलैत इथल्या रिबल नदीत नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. पुढे अशी हजारो माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. जवळच चॉर्लीला त्यांचं मंदिर आहे. तेव्हा तुमच्या गल्लीत ही पोरं फिरतात, यात नवल नाही.

तुम्हाला धर्म बदलायचा नाही ना? मग ते स्पष्ट सांगून टाका. 'माझा देव मला पुरेसा आहे, पुस्तक परत घ्या, पण भूक लागली तर या.' दिवसभर तोंडावर दारं आपटून घेणाऱ्यांना हे जड जाणार नाही. तुम्ही माना डोलावत राहिलात आणि ती आशेवर चालत आली, तर ते जास्त वाईट. बागेतलं गवत काढायचं असेल, सामान हलवायचं असेल तर बिनधास्त सांगा, अशी मदत ती आनंदाने करतात.

पण बोलवायचं ते मुलगा घरी असताना. घर तुमच्या मुलाचं तसं सुनेचंही आहे. तिच्या माघारी अनोळखी माणसं दारात येतात आणि घरात नकळत ग्रंथ येतो, याचा तिला राग येणारच. उद्या तिच्याशी बोलताना 'तू मला शिकवणार?' या सुराने सुरुवात करू नका. पोरांच्या नियमांचं जे वर लिहिलंय ते तिला वाचून दाखवा. बाई एकटी असली की ती आत येत नाहीत, एवढं कळलं तरी तिचा निम्मा राग उतरेल.

तुमचं पत्र छापताना मी बरंच कापलंय. मूळ पत्रात त्या पोरांच्या ओल्या बुटांबद्दलही तुम्ही भरभरून लिहिलंय आणि स्वतःच्या दिवसाबद्दल एकच ओळ: 'घरात कोणी नसतं.' म्हणून विचारते, आठवडाभर वाट बघावी असं दुसरं कोणी का नाही? प्रेस्टनमध्ये गुजराती वस्ती जुनी आहे. साउथ मेडो लेनवर गुजरात हिंदू सोसायटीचं मंदिर आहे. तिथे तुमच्या वयाच्या बायका हमखास भेटतील, आणि सातारच्या माणसाला गुजराती समजायला कितीसा वेळ लागतो? मुलाला म्हणावं, एकदा नेऊन सोड, पुढचं मी बघते.

आणि डबा दिलात तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात द्या, स्टीलचा नको. त्यांच्यात दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फेरा येतो. पोरगा अचानक दुसऱ्या गावी गेला, तर डबा मागायचा कोणाकडे?