ट्रेनिंगला पाठवतायत, जाऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला टीम लीडर आहे, हाताखाली अकरा जण. पुढच्या शनिवार-रविवारी आम्हाला कोलाडला रिसॉर्टवर लीडरशिप ट्रेनिंगला नेणारेत, राफ्टिंग, दोरीवरचे खेळ, रात्री कॅम्पफायर. मुलगी चार वर्षांची आहे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस जाणार. मागच्या वर्षी गेलेले सगळे म्हणतात मजा आली, पण काय शिकलात विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. याचा खरंच उपयोग होतो का? – एक वाचक, तळेगाव

उत्तर: होतो, पण तो कोलाडला नाही, सोमवारी तुमच्या साहेबांच्या केबिनमध्ये ठरतो. हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टरच्या कंपनीतल्या फोरमन लोकांवर मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लाइशमन यांनी अभ्यास केला होता, १९५३ ला छापून आला. ट्रेनिंग संपल्या संपल्या हे फोरमन माणसं सांभाळून घ्यायच्या गोष्टी करायचे आणि कारखान्यात परतले की ज्याचा वरचा साहेब जसा वागेल तसंच वागायला लागायचे. आज सत्तर वर्षांनीही मला तेच दिसतं.

मी नोकरीत असताना मुळशीला गेले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून सगळ्यांनी मिळून दोरीचा चौकोन करायचा, तो खेळ झाला आणि आमच्या साहेबांनी चार्टवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सगळ्यांचं ऐकून घ्या'. सोमवारी मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं तर म्हणाले, ते नंतर बघू. तो चार्ट रबरबँड लावून कपाटावर वर्षभर तसाच पडून होता, आणि मला ते फार लागलं होतं. पण त्याच ट्रिपला पोहे खाताना स्टोअरचे एक काका शेजारी बसले आणि बोलता बोलता कळलं की आमचं इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, चार वाजता जातं आणि त्यांचं मटेरियल द्यायचं साडेतीनलाच बंद होतं. रोजची भांडणं त्यावरूनच होती हो! दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळीच इंडेंट पाठवायला लागलो. त्यामुळे गेलात तर आपल्याच ग्रुपमध्ये बसू नका, प्रॉडक्शन आणि स्टोअरवाल्यांच्यात बसा.

जायच्या आधी साहेबांना सरळ विचारा, आल्यावर कुठला एक निर्णय मी तुम्हाला न विचारता घेऊ शकेन? लॉट रिजेक्ट करायचा, कुणाची शिफ्ट बदलायची, काहीही चालेल, पण मेलवर घ्या. आणि दोन दिवसांचे कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्ट्या, आधीच मागून घ्या, आल्यावर कुणी देत नाही.

रविवारी संध्याकाळी फीडबॅक फॉर्म देतील, त्यात जेवण कसं, ट्रेनर कसे असंच असतं. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या, आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, कंपनीला फरक पडला का, आणि आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबतात. तिसरीचं काय ते तुम्हीच एचआरला विचारा, तीन महिन्यांनी कोण बघायला येणार?

राफ्टिंगचं म्हणाल तर पाण्याची भीती वाटत असेल तर खुशाल नाही म्हणा, लीडर होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

साहेबांनी नीट उत्तर दिलं तर जा. नाहीच दिलं आणि कॉम्प-ऑफही नसेल, तर घरी लहान मूल आहे हे कारण पुरेसं आहे, ते सांगताना आवाज खाली करू नका. काय झालं ते मला कळवा.