म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलतंय आणि लघवीत पस सेल्स आलेत, म्हणजे युरिन इन्फेक्शनच ना?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ७८ वर्षांच्या, परवापर्यंत ठणठणीत, आता रात्री माणसं ओळखत नाहीत, रिपोर्टमध्ये पस सेल्स (पुवाच्या पेशी) आलेत आणि घरातले म्हणतायत इन्फेक्शनच आहे. असूही शकतं. पण तो 'च' काढा. त्या 'च'पायी आमचा आठवडा गेला म्हणून एवढं लिहितेय.

माझ्या आईला आधी एकदा खरंच युरिन इन्फेक्शन झालं होतं. थंडी वाजून ताप, लघवीला आग, आणि त्यातच बरळणं. अँटिबायोटिक सुरू झालं, चारेक दिवसांत ताळ्यावर आली. तेव्हापासून दादा घरचा डॉक्टर. दीड वर्षाने परत तेच, फक्त यावेळी ताप नाही, आग नाही, काही नाही. रात्री दोनला मला जाग आली तर आई पलंगावर बसून हवेत सुई ओवतेय. अगदी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, एक डोळा बारीक करून, नेढं शोधत. आयुष्यभर शिवणकाम केलंय तिने. मला मावशीच्या नावाने हाक मारून म्हणाली, काजं राहिलीयेत गं, दिवा मोठा कर. आणि सकाळी अकराला दादा आला तर ही नीट बसून त्याला नातवंडांच्या परीक्षेचं विचारतेय! झालं. "तू उगाच बाऊ करतेस, तुझीच झोप होत नाहीये." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

अहो, डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा डोक्याचा गोंधळ, असाच असतो. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू येतो, हा काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत येतो, दिवसभर कमीजास्त होत राहतो आणि बहुतेकदा संध्याकाळनंतर वाढतो. सकाळी अर्धा तास बसून जाणाऱ्याला काय दिसणार.

मग लघवी तपासली, पस सेल्स, कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई कोलाय नावाचे जंतू, दादा विजयी. पाच दिवसांचा कोर्स. सहाव्या दिवशी आई एकदम गप्प झाली, नुसती पडून, हाक मारली की डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. दादा म्हणाला बघ, शांत झाली, औषध लागू पडलं. लागू कसलं पडतंय, गप्प पडून राहणारा डिलिरियमही असतो, आणि तोच जास्त नजरेतून सुटतो कारण त्रास कुणालाच होत नाही ना.

शेवटी मीच उचलून हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवर एक पोरसवदा डॉक्टरीण होती. तिने आईला वार उलटे म्हणायला लावले. आई रविवार, शनिवार म्हणाली आणि परत रविवारवर आली, तिथेच घुटमळत राहिली. मग डॉक्टरीणने बेंबीखाली हात दाबला तशी आई कळवळली. नळी घातल्यावर पाऊण लिटरच्या वर लघवी निघाली. आम्हाला वाटत होतं होतेय व्यवस्थित, ती नुसती थेंब थेंब गळत होती. मग डॉक्टरीण म्हणाली घरातल्या सगळ्या गोळ्या आणा, दुकानातून आपणहून आणलेल्यासुद्धा. त्यात सापडली सर्दीची गोळी, आत क्लोरफेनिरामिन, जे म्हाताऱ्या माणसाची लघवीही अडवतं आणि डोकंही भ्रमित करतं. ती गोळी कुणी आणून दिली होती हे सांगायला नकोच.

तर रिपोर्टचं. वय झालं की काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं अगदी कॉमन आहे, वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांमध्ये तर २५ ते ५० टक्के. लघवीची नळी बरेच दिवस असेल तर जवळजवळ सगळ्यांनाच. म्हणून तर अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सांगून टाकलं की अशा वृद्धांमध्ये नुसता गोंधळ आणि लघवीत जंतू एवढंच असेल, ताप नाही, लघवीचा त्रास नाही, तर लगेच अँटिबायोटिक देण्यापेक्षा दुसरी कारणं शोधा आणि नीट लक्ष ठेवा. वास येतोय, गढूळ आहे, हाही पुरावा नाही. बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम कमीजास्त होणं, न्यूमोनिया, दुखणं, झोपेच्या गोळ्या, हे कुणी बघितलंय का तुमच्याकडे? नवीन काय सुरू झालंय या पंधरा दिवसांत?

हो, एक राहिलं आणि ते आधीच लिहायला हवं होतं. सासूबाईंना ताप, थंडी, लघवीला आग, कमरेत दुखणं, बीपी खाली असं काही असेल तर माझं पुराण ऐकत बसू नका, आजच दाखवा, तेव्हा अँटिबायोटिक लागतंच. आणि ताप नसला तरी अचानक झालेला गोंधळ ही इमर्जन्सीच आहे, एक हातपाय लुळा वाटला तर त्याच मिनिटाला निघा.

माझीही चूक होती, ती दादाला कधी बोलले नाही. रात्री उठायला लागू नये म्हणून मी संध्याकाळनंतर आईला पाणीच देत नव्हते. आणि कानाचं मशीन महिनाभर ड्रॉवरमध्ये होतं, सेल संपला म्हणून. दोन्हींनी डिलिरियमला हातभार लागतो.

पूर्ण भानावर यायला तिला तीन आठवडे लागले. दादा अजूनही सगळ्यांना सांगतो की अँटिबायोटिकने जरा उशिरा काम केलं.