पाऊस लागला की पोटात दुखतं

"मुलगा पाचवीत आहे. जून संपेपर्यंत नीट जात होता. आता आभाळ भरून आलं की सकाळी पोट धरून बसतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही. ओरडलं तर रडतो, घरी ठेवलं तर तासाभरात खेळायला लागतो. नाटक करतोय का?"

कोकणात जुलै महिन्यात हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतोच. कधी पोट असतं, कधी डोकं, कधी नुसतंच "नको जाऊया". त्यातल्या एका मुलाचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर वाशिष्ठी नदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी, शाळा पऱ्यापलीकडे, मधे साकव, म्हणजे फळ्यांचा छोटा पूल. घरी आई आणि आजी. वडील मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे.

आधी 'नाटक' या शब्दाचा निकाल लावू. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, पोटात पीळ पडतो. दुखणं खरं असतं. घरी राहायचं ठरलं की भीती ओसरते, म्हणून तासाभरात दुखणंही जातं. आईला ती लबाडी वाटते, पण मुलाच्या हातात त्यातलं काहीच नसतं. फक्त 'घरी थांबलं की बरं वाटतं' एवढा धडा दर वेळी पक्का होत जातो. त्यामुळे पहिल्या दिवशी घरी ठेवलेलं मूल चौथ्या दिवशी शाळेत पाठवणं चौपट कठीण जातं.

तरीही थेट भीतीवर उडी मारायची नाही. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, ताप, वजन उतरणं, शौचातून रक्त, उजवीकडे खाली एकाच जागी दुखणं, यातलं काही असेल तर पुन्हा डॉक्टरकडेच जायचं. दुसरी शंका शाळेतल्या एखाद्या माणसाची. मूल कुणाला घाबरतंय का, कुणी मारतं, चिडवतं किंवा नको तिथे हात लावतं का, हे आई समोर नसताना आणि उत्तर तोंडात न घालता विचारावं लागतं. "सर त्रास देतात का?" असं नाही. "शाळेत कुठे जायला आवडत नाही? कुणाबरोबर थांबायला आवडत नाही?" असं. तसं काही निघालं तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा हा वेगळाच रस्ता धरावा लागतो, आणि तो लगेच. इथे तसं काही निघालं नाही.

मग आईला एक कागद दिला. चौदा दिवस, पाच रकाने: सकाळी पाऊस होता का, शाळा होती का, दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, घरात त्या वेळी काय बोलणं चाललं होतं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि कामाचं तिथेच सापडतं. शाळेचे दिवस दहा, त्यातले सहा दुखण्याचे, सहाही पावसाचे. दोन्ही रविवारी पाऊस कोसळत होता, तेव्हा पोट ठीक. म्हणजे नुसता पाऊस नव्हे, पावसातली शाळा. आणि सहापैकी चार सकाळी घरात साकवावरच्या पाण्याची चर्चा चालली होती.

पुढच्या भेटीत त्याला पावसाच्या दिवशीचा वर्ग काढायला सांगितला. त्याने फळा काढला, खिडकी काढली, एक बाक मात्र कागदभर मोठा. बाकाखाली गुडघे पोटाशी घेतलेला मुलगा. मग निळा खडू घेतला आणि बाकाच्या वरपर्यंत रेघा मारत गेला.

"हा कोण?"

"मी."

"बाकाखाली का बसलायस?"

"घंटा झाली ना. घंटा झाली की बाकाखाली बसायचं, बाहेर पळायचं नाही. पण पाणी आलं तर?"

सगळी गोम इथे होती. शाळेत जूनअखेर मॉक ड्रिल झालं होतं, भूकंपाचं. त्यात चूक काहीच नाही. घाट चढलं की कोयना, आणि ११ डिसेंबर १९६७चा हादरा या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. खाली बसा, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा, हे मुलांना यायलाच हवं. पण त्याच आठवड्यात परिपाठात पुराची माहिती सांगितली गेली. दोन्हीकडे शब्द एकच, 'आपत्ती'. घंटाही एकच, शाळा सुटायचीच, जरा जास्त वेळ वाजवलेली. घरी आजी २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी कुठपर्यंत चढलं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायची. मुलाने तिन्ही गोष्टी जोडल्या आणि तर्कशुद्ध उत्तर काढलं: पूर आला की आपल्याला बाकाखाली बसवणार आणि उठू देणार नाहीत. अशा शाळेत पावसात कोण जाईल?

मुलांना कृती शिकवली आणि कारण सांगितलं नाही की असं होतं. मोठ्यांना जे उघड वाटतं ते दहा वर्षांच्या मुलाला उघड नसतं. त्याला तीन धोके तीन दिशांनी समजावले. भूकंपात वरून वस्तू पडतात, म्हणून डोक्यावर आडोसा घ्यायचा आणि हलणं थांबलं की मैदानात जायचं. आगीत धूर वर चढतो, म्हणून वाकून आणि लगेच बाहेर. पाणी खालून येतं, म्हणून वर. वरचा मजला, नाहीतर शाळेमागचा माळ. बाकाखाली कधीच नाही. हे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर तीन बाणांनी काढलं. पाण्याचा बाण त्याने दोनदा गिरवला.

शाळेनेही मनावर घेतलं, हे मान्य करायला हवं. भूकंपाला सलग घंटा, आगीला तुटक घंटा, पाण्याला घंटाच नाही, तर शिट्टी आणि "वर चला" ही हाक, असं ठरलं. वीज गेली तर चालणार नाहीत म्हणून भोंगा आणि ध्वनिक्षेपक बाद केले. पुढची ड्रिल आदल्या दिवशी सांगून घेतली. अचानक ड्रिल घेऊन मुलांची 'परीक्षा' पाहायची हौस काही ठिकाणी असते. मोठ्यांसाठी ती ठीक, प्राथमिकच्या मुलांना त्यातून फक्त घंटेची धडकी बसते. घाबरणाऱ्या मुलाला ड्रिलमधून वगळायचंही नाही, त्याला काम द्यायचं. या मुलाकडे हजेरीपट घेऊन वर जायचं आणि रांगेत डोकी मोजायचं काम आलं. मोजताना घाबरायला सवड राहत नाही.

एवढ्याने अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं आधीच्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळचं होतं. ते आईलाही धड ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एकला शाळा सोडायचं ठरलं. निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गेला. वाडीत सकाळपासून लाइट नव्हती, टॉवर बंद, रेंज नाही. शाळेच्या अर्जावर मोबाइल एकच, वडिलांचा. ते मुंबईत लोकलमध्ये. पाच वाजता शेजारचा एक जण मोटारसायकलवर घ्यायला आला, तर शिक्षकांनी मूल दिलं नाही. बरोबरच केलं, त्यांच्या ओळखीचा तो नव्हता. पण दारात मोठ्याने वाद झाला आणि मुलाने तो ऐकला. आई सातच्या सुमारास लांबच्या रस्त्याने पोचली. मधल्या वेळात त्याने जे ठरवून टाकलं ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही: आई आली नाही, म्हणजे साकवावरून वाहून गेली.

या पट्ट्यातल्या बहुतेक शाळांची तयारी 'मुलं बाहेर कशी काढायची' इथे संपते. 'मुलं कुणाच्या हातात द्यायची' हा भाग कच्चा राहतो, आणि भीती नेमकी तिथे मुरते. म्हणून शाळेत बसून हे काम पुरं करून घेतलं. पालकांनी आपल्या शाळेत हेच विचारावं.

प्रत्येक मुलामागे तीन माणसांची नावं आणि फोटो. तिघांपैकी किमान एक जण शाळेच्या बाजूचा हवा, पऱ्या न ओलांडता येणारा. मुंबईतला नंबर कळवण्यापुरता ठीक, घ्यायला येणाऱ्यांत तो धरायचा नाही. यादी छापील, प्लास्टिकच्या पिशवीत, मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि वर्गशिक्षकांकडे. मोबाइलमधली यादी चार्जिंग संपलं की संपली. चौथा कुणी आला तर घरचा परवलीचा शब्द, जो मूल आणि घर सोडून कुणाला माहीत नाही. मूल नेताना वहीत वेळ आणि सही. वाद घालायचा तर मुलांपासून लांब, ओट्यावर.

निरोपासाठी वाडीनिहाय साखळी: शाळेतून प्रत्येक वाडीतल्या एका रेंजच्या घरी किंवा दुकानात फोन, तिथून पुढे माणूस. पाच वाड्या, पाच फोन. साठ पालकांना एकेक फोन लावत बसलं की तिसऱ्याच फोनला लाइन अडकते.

आणि एक नियम लेखी: साकवावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर मूल शाळेतच राहील. अर्धा फूट वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं, आणि गढूळ पाण्याखाली फळी शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. यावर पालक अडतात. "आमचं मूल रात्री शाळेत?" हो, शाळेत. पोषण आहाराचे तांदूळ-डाळ असतात, दोन पिंपं पिण्याचं पाणी, टॉर्च आणि चटया ठेवल्या की रात्र निघते. दर तासाला हजेरी घ्यायची. आणि मुलांना हे आधी सांगून ठेवायचं: "आई उशिरा आली म्हणजे आईला काही झालं असं नाही. पाणी उतरायची वाट बघत ती पलीकडे उभी आहे." या मुलाने हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. भरतीची वेळही त्याला समजावली. उधाणाच्या भरतीला खाडी भरलेली असते, पऱ्याचं पाणी तुंबतं, ओहोटी लागली की उतरू लागतं. मासळी खाणाऱ्या घरातल्या मुलाला हे लगेच कळतं.

घरचं काम त्याहून चिवट होतं. आई सकाळी सातपासून मोबाइलवर इशारे वाचायची, तेही मोठ्याने. हवामान विभागाचा रंग सबंध जिल्ह्याचा असतो, तुमच्या पऱ्याचा नव्हे. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस ही सर्वांत वरची पायरी. लाल आला म्हणून आपोआप सुट्टी होत नाही. ती जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि गटांवर फिरणारं पत्र पुष्कळदा गेल्या वर्षीचं असतं. तारीख आणि जिल्हा बघायचा, शंका असेल तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारायचं. हे सगळं रात्री जेवल्यावर एकदा, सकाळी एकदा, आणि मुलाच्या पाठीमागे. आजीलाही भिंतीवरच्या खुणेची गोष्ट पुढे न्यायला सांगितलं: पाणी तिथवर आलं, मग माणसं कुठे चढली, कुणी भात शिजवला, सकाळी कोण कुणाला शोधत आलं. तोवर ती गोष्ट पाण्यावरच थांबत होती.

"काही होणार नाही, जा" हे वाक्य बंद केलं. मुलाला ठाऊक असतं की झालं होतं. त्याऐवजी, "पाणी वाढलं तर तू काय करशील?" आणि त्याने पायऱ्या सांगायच्या. पोटात पीळ आला की गरम पेजेच्या वाटीवर फुंकर घालतात तशी फुंकर: चार आकडे श्वास आत, सहा आकडे हळू बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं लांबलं की शरीर पळायची तयारी सोडतं. हे मात्र शांत दिवशी शिकवायचं. ऐन रडण्यात शिकवू गेलात तर वाटी उलटते.

शाळेत परतणं टप्प्याने झालं. दोन दिवस पहिल्या दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत, सहाव्या दिवशी पूर्ण. आईने दिवसातून एकच फोन करायचा, मधल्या सुट्टीत. आधी पाच व्हायचे, आणि दर फोनला शिक्षक वर्गात येऊन "तुझ्या आईचा फोन होता" सांगत. मुलाच्या लेखी तो पाच वेळा आलेला धोक्याचा इशारा. तिसऱ्या दिवशी घोळ झाला. जोराची सर आली, आईने न राहवून त्याला अकरालाच घरी आणलं, आणि पुढच्या सकाळी पोट पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. आईला दोष द्यायचं कारण नव्हतं, तिचीही ती संध्याकाळ तशीच गेली होती. एक टप्पा मागे येऊन पुन्हा सुरुवात केली.

महिनाभर हे करूनही रात्री दचकून उठणं, अंथरुण ओलं होणं, जेवण तुटणं चालू राहिलं तर बालमानसोपचार तज्ज्ञ गाठावा. तालुक्याला नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.

ऑगस्टमध्ये आईने चौदा दिवसांचा कागद पुन्हा भरला. पोट दोनदा दुखलं. दोन्ही दिवस कोरडे ठणठणीत, ऊन पडलेलं. दोन्ही दिवशी गणिताची चाचणी होती.