डिस्चार्जचा उशीर कमी करायचाय? आधी वॉर्डबॉय मामांशी बोल

अगं, हॉस्पिटलचं काम सुधारायच्या या नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात 'अख्ख्या हॉस्पिटलचे डिस्चार्ज दोन तासांत' असलं काही ठरवू नकोस. एकच वॉर्ड घे, आणि तिथलाही एकच टप्पा.

मी कोथरूडच्या एका हॉस्पिटलात सुरुवात केली तेव्हा थेट नवा फॉर्म छापून मोकळी झाले. सिस्टर लोकांनी तो आठवडाभर भरला, मग त्याच्या पाठीवर चहाचे हिशेब दिसायला लागले. शेवटी एक दिवस नुसतं घड्याळ घेऊन काउंटरपाशी बसले. बिल अडायचं ते उरलेल्या औषधांपायी. परत करायच्या पिशव्या मामा दुपारी एकला एकदमच फार्मसीत न्यायचे. अकराची एक फेरी वाढवली, तेवढ्यानं फरक पडला. मामांना आधीच विचारलं असतं तर!

एवढं सांभाळ:
- आधी मोज, मग बदल. वहीत हातानं लिहिलेल्या वेळाही चालतात.
- बदल आधी एका शिफ्टमध्ये, एकाच सिस्टरबरोबर करून बघ. पीडीएसए चक्र (ठरव, करून बघ, तपास, सुधार) म्हणतात ते हेच.
- रोजचा आकडा तारखेनुसार आलेखावर मांड, मध्यकाची, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, रेघ ओढ. सलग सहा बिंदू एकाच बाजूला आले तर तो बहुधा योगायोग नाही. एका चांगल्या सोमवारावर पेढे वाटू नकोस.
- 'कोण चुकलं?' विचारलंस की लोक आकडे लपवतात.

सिक्स सिग्मा (चुका कमी करायची आकडेवारीची पद्धत), एनएबीएचचे (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या मंडळाचे) निर्देशांक सध्या राहू देत. उद्या राउंड संपला की वही घेऊन उभी राहा.